इंका ट्रेलचं चार दिवसांचं पॅकेज : पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

पेरूतल्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपासून माचू पिचू या इंकांच्या प्राचीन नगरीपर्यंतची ही सुमारे ४२ किलोमीटरची वाट गाइडशिवाय चालता येत नाही, आणि परवाना निघतो तो अधिकृत कंपनीमार्फतच. म्हणजे पॅकेज घ्यावंच लागतं. कागदावर सगळी सारखीच दिसतात: चार दिवस, तीन मुक्काम, तंबू, जेवण, पोर्टर, परतीची ट्रेन. चांगल्या कंपन्यांचे दर बहुधा ७०० डॉलरच्या पुढेच असतात. कुणी फारच स्वस्तात नेत असेल तर ते पैसे पोर्टरच्या मजुरीतून वाचवलेले असतात, हे धरून चाला.

रोज ५०० माणसांनाच प्रवेश मिळतो. त्यात पोर्टर, स्वयंपाकी, गाइडही मोजतात, त्यामुळे प्रवाशांच्या वाट्याला साधारण २०० जागा येतात. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधीच भरतात. फेब्रुवारीत वाट बंद असते. परवाना पासपोर्ट नंबरवर असतो आणि दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बुकिंगनंतर पासपोर्ट रिन्यू केलात तर कंपनीला लगेच कळवा आणि जुनाही सोबत ठेवा. चेकपोस्टवर मूळ पासपोर्टच बघतात, झेरॉक्सवर भागत नाही.

बहुतेक जण अडकतात ते वजनात. पोर्टरकडे द्यायच्या डफल बॅगेची मर्यादा बहुधा ७ किलो असते आणि त्यात स्लीपिंग बॅग, मॅट धरलेली असते. ही दोनच अडीच-तीन किलो खातात. कपडे, चार्जर, औषधांना उरतात चार-साडेचार. पोर्टरच्या पाठीवर कायद्याने २० किलोच चालतात, त्यातही पाचेक किलो त्याचं स्वतःचं सामान असतं, आणि हे वजन चेकपोस्टवर काट्यावर तपासतात. म्हणून ‘अर्धा किलो जास्त आहे, चालवून घ्या’ तिथे खपत नाही. बुकिंगआधी दोन प्रश्न विचारा: पोर्टरना झोपायला मॅट आणि स्लीपिंग बॅग देता का, आणि पर्सनल पोर्टर दरात धरलाय की वेगळा? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा.

भाड्याची स्लीपिंग बॅग कुस्को या ट्रेकआधीच्या शहरात हातात घेऊन बघा. लेबलवर दोन-तीन तापमानं असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ बघा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे फक्त जीव वाचेल, झोप लागणार नाही. जून-जुलैत पाकायमायोच्या, सुमारे ३,६०० मीटरवरच्या मुक्कामी पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो. चेन दोनदा पूर्ण लावून बघा, कारण भाड्याच्या बॅगेत आधी बिघडते ती चेन. आत घालायला लायनर, म्हणजे पातळ कापडी पिशवी, घरून न्या.

आता दम. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचे पाय आणि गुडघे तयार असतात आणि इथे त्यांचा उपयोगही होतो, कारण तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्कापासून विन्याय वायनापर्यंत जवळपास हजार मीटरची दगडी पायऱ्यांची उतरण आहे. पण कळसूबाई १,६४६ मीटर, आणि दुसऱ्या दिवशीची वार्मिवान्युस्का खिंड ४,२१५. विरळ हवेचा सराव महाराष्ट्रात होत नाही. राजधानी लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. विमान एका झेपेत तिथे नेतं आणि डोकं तिथेच धरतं. उतरल्यावर कुस्कोत न थांबता थेट ओयान्तायताम्बोला, सुमारे २,८०० मीटरवर जा, दोन रात्री तिथे काढा, मग कुस्को. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, उंचीवर पोचण्याच्या आदल्या दिवसापासून. नेहमीचा डोस १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. वाटेवर खेचरं नाहीत. खिंड ओलांडल्यावर मागे फिरायचं तर तीच पुन्हा चढावी लागते, तेव्हा पहिल्या मुक्कामी, वायाबांबालाच डोकेदुखी आणि उलट्या असतील तर गाइडपासून लपवू नका.

जेवण हा या पॅकेजचा सर्वांत भक्कम भाग. किनवाचं सूप, भात, बटाटे, भाज्या, सगळं तंबूत गरम. शाकाहारी सोय सहज होते; जैन जेवण मात्र पदार्थवार लिहून द्या, तिथे बटाटा टाळणं सोपं नाही. पाणी उकळून देतात, एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या नेता येत नाहीत. काठ्यांना रबरी टोपी हवी, नाहीतर परत ठेवायला लावतात. संडास भारतीय बैठकीचे आणि अस्वच्छ. कागद-सॅनिटायझर जवळ असू द्या.

चौथ्या दिवशी साडेतीनला उठवतात. त्यावर सगळे चिडतात, पण पोर्टरना तंबू गुंडाळून पहाटेची ट्रेन गाठायची असते. गेट साडेपाचला उघडतं, मध्ये रांगेत बसायचं. इंती पुंकूवर, म्हणजे माचू पिचूच्या वरच्या सूर्यद्वारावर, धुकं असलं तर माचू पिचू दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. तासाभराने खाली उतरेपर्यंत ते बऱ्याचदा निवळतं.

टिप सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सुट्ट्या नोटांत ठेवा, पोर्टरना हातात द्या. कोकाची पानं तिथेच चावा, चहा तिथेच प्या. खिशात राहिलेली पुडी भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात बसते.