मध्यस्थी केंद्र, जिल्हा न्यायालय : नातवाच्या ताब्याचा वाद

पाचपैकी चार तारे. खानदेशातलंच कोर्ट आहे. कोणतं ते लिहीत नाही, कारण गोष्ट 14 वर्षांच्या पोराची आहे.

आमची लेक डेंग्यूने गेली तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. जवाई सुरतेला लूमवर कामाला, म्हणून पोर आमच्याकडे तापीकाठी राहिलं. पुढे जवायाने दुसरं लग्न केलं आणि गेल्या उन्हाळ्यात निरोप धाडला, पोराला न्यायला येतोय. मी दाराला कडी लावली. तो कोर्टात गेला.

एका खाजगी वकिलाने 15 हजार घेऊन छातीठोक सांगितलं, आठ वर्षं सांभाळलंत म्हणजे हक्क तुमचाच. तसं काही नसतं. 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याने बाप नैसर्गिक पालक आहे. तरी कोर्ट आधी बघतं ते पोराचं हित, आणि मूल जाणतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते, असं 1890 च्या पालक कायद्यातच लिहिलंय. हे आम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाईंनी समजावलं. अर्ज बायकोच्या नावाने केला होता. बाईमाणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. घरात असा वाद असेल तर हे आधी ध्यानात ठेवा.

पुतण्याने सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल काढून दिले होते. 2008 च्या निकालात मूल आईच्या आईबापाकडे राहिलं, 2019 च्या निकालात बापाकडे गेलं. मी पहिलाच कवटाळून बसलो. पण त्यातल्या बापावर बायकोच्या मृत्यूचा खटला होता. आमच्या जवायाने माझ्या लेकीसाठी दवाखान्यात तीन रात्री जागून काढल्या होत्या. ते मी सोयीने विसरलो होतो.

कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. फी काही नाही. आत एक गोल टेबल, पाण्याचा जग, चार खुर्च्या. ना पिंजरा, ना पुकारा. आतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून तेवढं गाळतो. एवढं सांगतो की मध्यस्थ बाईंनी आमच्यापैकी कोणाला काही विचारायच्या आधी पोराला एकट्याला आत नेलं, आणि चाळीस मिनिटं दार उघडलं नाही. त्या चाळीस मिनिटांत मी आणि जवाई एकाच बाकावर बसलो होतो. त्याच्या पिशवीत पोरासाठी आणलेले बूट होते, सहा नंबरचे. पोराला आठ नंबर लागतो. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री घरी पेन सापडेना म्हणून मी पोराचा कंपास उघडला. झाकणाच्या आत, वेळापत्रकाच्या खाली, बापाचा मोबाइल नंबर लिहिलेला. शाई फिकट झालेली, म्हणजे जुना. एवढी वर्षं ते पोर माझ्यासमोर बापाचं नावसुद्धा काढत नव्हतं. मी काढू दिलं नव्हतं.

तीन बैठकांत मिटलं. दहावीपर्यंत आमच्याकडे, दिवाळी आणि मे महिना सुरतेला, फोनला मोकळीक. दहावीनंतर पुन्हा त्यालाच विचारायचं. कागदावर सह्या झाल्या आणि कोर्टाने तसा हुकूम दिला.

एक तारा कापला तो बाहेरच्या व्हरांड्यासाठी. पोरांना बसायला वेगळी जागाच नाही. बेड्या घातलेले आरोपी त्याच बाकांवर आणून बसवतात, आणि माझा नातू दप्तराच्या पट्ट्याचा दोरा उसवत खाली मान घालून बसायचा. दुसऱ्या तारखेला मध्यस्थ आल्याच नाहीत. ते आम्हाला दुपारी दोनला कळलं, तोवर पोराचा गणिताचा पेपर बुडाला होता. एक फोन केला असता तर बुडाला नसता. आणि जाणाऱ्यांनी मामा, काका, पुतणे असा गोतावळा नेऊ नये. आम्ही पहिल्या दिवशी सात जण गेलो होतो, पोर बापाच्या नजरेला नजर देईना.