पालकाची जुडी की ल्युटीनची गोळी?

इंदूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये ‘साठीनंतरच्या डोळ्यांसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की ल्युटीनची, म्हणजे पालक-मक्यात असणाऱ्या एका पिवळ्या द्रव्याची, डबी पुढ्यात येते. ही गोळी असते उतारवयात मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजत जाण्याच्या आजारासाठी (एएमडी). पण ती घ्यायची की नाही हे वयावरून ठरत नाही, पडद्याच्या तपासणीवरून ठरतं. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) काढतात आणि मॅक्युलाखाली साचलेले पिवळट ठिपके, म्हणजे ड्रुसेन, किती मोठे आहेत ते पाहतात. 125 मायक्रॉनचा एखादा जरी मोठा ठिपका असला, किंवा मध्यम आकाराचे बरेच असले, तर आजार मधल्या टप्प्यावर आला. गोळी याच टप्प्यासाठी आहे. एका डोळ्याचं नुकसान होऊन दुसरा शाबूत असेल, तेव्हाही ती देतात. ठिपके बारीक असतील तर तिचा फायदा दिसलेला नाही. आईला हा आजार होता म्हणून चाळिशीतच डबी आणणं म्हणजे पैसे वाया.

मधल्या टप्प्यात मात्र गोळीचं पारडं जड आहे. 2001 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर परत येत नाही, हे आधीच समजून घ्या. 2013 च्या सुधारित सूत्रात रोजचं प्रमाण असं आहे: क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई 400 आययू, ल्युटीन 10, त्याच्याच जातीचं पिवळं द्रव्य झिअ‍ॅझँथिन 2, झिंक 80 आणि तांबं 2 मिलिग्रॅम. जुन्या सूत्रातलं बीटा-कॅरोटीन काढून टाकलं, कारण सिगारेट ओढणाऱ्यांत आणि सोडलेल्यांतही त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डबीच्या मागे हे नाव दिसलं तर अशांनी ती डबी परत करावी.

आता पालक. शिजवलेल्या 100 ग्रॅम पालकात ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन मिळून साधारण 11 मिलिग्रॅम असतं, म्हणजे जवळजवळ गोळीइतकंच! डबीवर जे ठळक अक्षरांत छापतात, ते एका वाटी भाजीत मिळतं. मिळत नाही ते झिंक आणि ई. गोळीतलं त्यांचं प्रमाण जेवणातून गाठणं शक्यच नाही. म्हणून गोळी विकत घेताना ल्युटीनचा आकडा नंतर बघा, आधी बारीक अक्षरांतलं झिंक आणि तांबं बघा.

ल्युटीन तेलातुपात विरघळतं, त्यामुळे पालक नुसता उकडून खाऊ नका, फोडणी हवी. या बाबतीत आपला भुट्ट्याचा कीस चांगला, तुपात परतलेला असतो. फक्त मका पिवळा घ्या, पांढऱ्यात ही द्रव्यं नसल्यात जमा. अंड्यातल्या बलकात ल्युटीन थोडं असतं, पण अंगी छान लागतं.

दोन्हीकडे अडचणी आहेत. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पालक एकदम वाढवू नका, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं. गोळीतल्या ई बद्दलही डॉक्टरांना विचारा. ऑक्झलेटचे मुतखडे होत असतील तर पालकाऐवजी अंडं आणि मका बरा. झिंक उपाशीपोटी घेतलं की मळमळतं, म्हणून गोळी जेवणानंतर. तांब्याशिवाय इतकं झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो. आणि विडी-सिगारेट चालू असेल तर आधी ती सोडा.

गोळी घ्या वा भाजी खा, दोन्हींनी आजार थांबेलच असं नाही. म्हणून घरी अ‍ॅम्सलरचा चौकटीचा कागद लावा. वाचायचा चष्मा घालून, एक डोळा झाकून, 30 सेंटीमीटरवरून मधल्या टिंबाकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा बिघाड झाकतो, आणि नेमकी हीच चूक सगळ्यांकडून होते. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला तर आजाराच्या ओल्या प्रकाराची, म्हणजे पडद्याखालच्या नव्या रक्तवाहिन्या गळत असल्याची, शंका घ्यायची. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं असतात आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात, तेव्हा पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.