मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचा आप्रवासी घाट: अर्धा दिवस ठेवूनच जा

पाचपैकी पाच तारे. आमच्या टूरवाल्याने इथे जेमतेम वीस मिनिटं ठेवली होती, 'फोटो काढा, चला' म्हणून. आम्ही दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून पुन्हा गेलो.

भारतातून आणलेले मजूर जहाजातून उतरायचे तो हा धक्का. त्याच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, आपल्या सह्याद्रीसारख्या. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर या बेटावर आणले गेले. त्यात मुंबईहून जहाजात चढलेले रत्नागिरीकडचेही होते. मी संगमेश्वरची. पायरीवर हात ठेवला आणि गळा दाटून आला.

गाइड मराठी घरातली, पाचवी पिढी. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली; मराठी ती शाळेत शिकली. तिचा 'र' घशातून यायचा. 'रत्नागिरी'चं 'घत्नागिघी' ऐकून माझा नातू तिला 'र' शिकवायलाच बसला. तिने त्याच्याकडून 'बोंझूर' घोटून घेतलं. दोघंही हसून बेजार!

मग तिने नावांचं सांगितलं. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते कागदावर उतरलं. लक्ष्मणचा लक्सिमोन झाला आणि पुढच्या पिढ्यांचं तेच आडनाव. पण निदान रजिस्टरात गाव तरी लिहिलेलं असतं. ही रजिस्टरं मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत.

या मजुरांच्या आधी इथे आणलेल्या गुलामांना तेही नाही, नाव मालकाने ठेवलेलं. म्हणून जवळचं गुलामगिरीचं म्युझियम मुळीच चुकवू नका. फ्रेंच काळातला लष्करी दवाखाना आहे तो. मोझांबिक, मादागास्करची माणसं इथे आणून विकली, काही तर बंगाल-मलबारचीही. १८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई दिली, ती मालकांना. राबलेल्यांना एक पैसा नाही. आणि उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवेत म्हणून आपली माणसं आणली. हे दोन्ही एकाच दिवशी बघितलं की सगळं नीट जुळतं.

निघताना गाइडने मोबाइलवर तिच्या खापरपणजोबांची नोंद दाखवली. गावापुढे इंग्रजी अक्षरं, तिच्या घरात सगळे ते 'दाब्यूल' असं वाचतात. आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचून बघितलं. डबल, डाबूल, दाबुल... आणि आमचे हे एकदम ओरडले, "अगं, दाभोळ!"

ती तिथेच उभी राहून चार-पाचदा म्हणत राहिली. 'ळ' काही जमेना, 'भ' मात्र स्वच्छ आला.