बोर्ड बदलल्याचे पैसे घेतले, बोर्ड मात्र तोच

जूनचा दुसरा आठवडा. आमच्या सांगलीत पाऊस नुकता लागला होता. मी घरी डीटीपीचं काम करते आणि तेव्हा एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची १४२ पानं लावून तयार होती. दुसरं प्रूफ तपासून झालं होतं, शेवटची जाहिरातींची पानं तेवढी राहिली होती. सकाळी सीपीयूचं बटण दाबलं, विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके गोल फिरायला लागले आणि एकदम निळा पडदा आला. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा ठिपके, पुन्हा निळा पडदा. चौथ्या वेळी ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ असं आलं आणि गाडी तिथेच अडली.

निळ्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं लिहिलं होतं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, पण ते शब्द नीट वाचले नाहीत. छापखान्याची तारीख डोक्यात होती. सीपीयूचा डबा रिक्षात घातला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मला त्या एका माणसाचा सूड घ्यायचा नाही. माझ्यासारखं घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना आणि पोरांच्या अभ्यासासाठी काटकसर करून कॉम्प्युटर घेतलेल्या घरांना हे कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

त्याने डबा उघडलासुद्धा नाही. वायर जोडून एकदा सुरू करून बघितला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, बोर्ड उडालाय. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं ना, ह्या आठवड्यातला हा पाचवा. ठेवून जावा, परवा देतो.’’ बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आतले सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी. मी विचारलं, ‘‘माझ्या फायली?’’ तर म्हणाला, ‘‘डेटाला काय होत नाही.’’ मी विश्वास ठेवला. पावती मागितली नाही, आत काय काय आहे ते लिहून घेतलं नाही.

परवाचा चौथा दिवस झाला. मदरबोर्डचे ५,८००, विंडोज टाकायचे ६०० आणि मजुरी ८००, असे ७,२०० रुपये दिले. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, ‘‘तो कंपनीला परत करावा लागतो.’’ बिलाऐवजी वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. घरी आणून सुरू केला तर पडदा कोरा. स्मरणिकेचा फोल्डर नाही, पाच वर्षांची कामं नाहीत, काहीच नाही. फोन केला तर म्हणाला, ‘‘विंडोज करप्ट होती मॅडम, फॉरमॅट मारावाच लागला.’’

मला विचारलं असतं, तर नको म्हणाले असते. विंडोज सुरू होत नसली तरी डिस्कवरच्या फायली बहुतेक वेळा शाबूत असतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की उतरवून घेता येतात, अर्ध्या तासाचं काम. आणि माझी डिस्क एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी होती. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही काही परत मिळण्याची आशा असते. एसएसडीत मात्र पुसलेली जागा यंत्रणा स्वतःच आतून रिकामी करून टाकते. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे मान हलवली.

रडून उपयोग नव्हता. छापील प्रूफं घरात होती, त्यावरून पुन्हा टाइप करायला बसले. तेव्हा लक्षात आलं की यंत्र फार हळू चाललंय. फोटो असलेलं पान उघडलं की अडकायचं, दोन फाइल एकदम उघडल्या तर गोठायचं. नवीन बोर्ड घातलेलं यंत्र आधीपेक्षा हळू का, हे मला उमजेना.

त्या रविवारी कोल्हापूरहून भाचा आला. तो हार्डवेअरचंच शिकतोय. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली आणि विचारलं, ‘‘आत्या, रॅम किती होती गं?’’ रॅम म्हणजे काम चालू असताना यंत्र वापरतं ती तात्पुरती स्मृती, पट्ट्यांच्या रूपात बसवलेली. मी म्हटलं १६ जीबी. तिथे ८ दिसत होती आणि खाली लिहिलं होतं, दोन स्लॉटपैकी एकच वापरात. २०१९ चं खरेदीचं बिल कपाटात होतं, त्यावर ८ जीबीच्या दोन पट्ट्या स्पष्ट लिहिलेल्या होत्या.

मग त्याने सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघितलं. विंडोज ‘डिजिटल लायसन्स’वर चालू होती, आणि त्या दुकानदाराने विंडोजच्या परवान्याची कुठली नवी ‘की’ (सांकेतिक क्रमांक) घेतल्याचे पैसे लावलेले नव्हते. भाचा म्हणाला, ‘‘हा परवाना यंत्राच्या हार्डवेअरला बांधलेला असतो. मदरबोर्ड बदलला की विंडोज ओळखत नाही, पुन्हा ॲक्टिव्हेट करा म्हणते. हिने तर ओळखलं.’’ माळ्यावरून मदरबोर्डचा मूळ खोका काढला. खोक्यावर सिरियल नंबरचं स्टिकर होतं, बोर्डावरही होतं. विजेरीच्या उजेडात एकेक आकडा मी वाचला, त्याने ताडला. तोच बोर्ड. आमचाच.

म्हणजे बिघाड काय होता? भाच्याने माझ्या मोबाइलमधला फोटो बघितला आणि गप्प झाला. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा इशारा बऱ्याचदा रॅमकडे बोट दाखवतो. ओलाव्याने, धुळीने पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर बसतो, संपर्क नीट होत नाही आणि यंत्र सुरू होतानाच कोसळतं. ड्रायव्हरमुळे किंवा डिस्कमुळेही तोच इशारा येऊ शकतो, पण पहिली तपासणी रॅमचीच. दुकानात नेमकं काय केलं ते मी बघितलेलं नाही. बोर्ड तोच, आणि यंत्र मात्र नीट सुरू होतंय, एवढं समोर होतं. पट्ट्या काढून पुसल्या असाव्यात आणि एक परत लावली नाही, याहून वेगळा अर्थ मला लावता येत नाही.

हे पुसणं घरी होतं. प्लग पूर्ण काढायचा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, डब्याच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पट्टी काढून सोनेरी टोकांवरून पांढरं खोडरबर हलकं फिरवायचं, भुगा झटकायचा आणि कडा ‘टक’ होऊन बसेपर्यंत दाबायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून सुरू करून बघायचं. एकीवर चालतं आणि दुसरीवर कोसळतं, तर दोषी कोण ते कळलं. त्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे सगळं काढून बघावं. ऑटोमॅटिक रिपेअरच्या पडद्यातून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या गरजेच्या गोष्टींवरच विंडोज सुरू करायच्या पद्धतीत जाता येतं, नुकतं आलेलं अपडेट काढून टाकता येतं.

निळा पडदा दिसला की ‘बोर्ड गेला’ हे वाक्य सहज खपतं, कारण आपण घाबरलेले असतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं अशीच सुरू होताना कोसळत राहिली. विमानतळ, बँका, इस्पितळं अडली. त्या यंत्रांचे बोर्ड जळलेले नव्हते. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की ती चालू होत होती.

सोमवारी खोका, बिल आणि फोटो घेऊन दुकानात गेले. आधी म्हणाला, रॅम एवढीच होती. बिल दाखवलं. मग म्हणाला, ‘‘बोर्ड बदलला नाही मॅडम, रिपेअर केला.’’ मी विचारलं, मग कंपनीला परत काय केलंत? त्यावर आवाज चढला. दुकानात आणखी चारजण होते. मला कापरं भरलं होतं, पण मी उठले नाही.

तिथूनच १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक मिळाला. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला माहीत झालं होतं. आपण घरी धंदा करतो म्हणजे आपण ग्राहक नाही, असा पुष्कळांचा समज असतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस त्या कायद्याने ग्राहकच धरला जातो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. हे सगळं मी त्याला शांतपणे सांगितलं. दोन दिवसांनी त्याने ५,००० रुपये आणि ८ जीबीची एक पट्टी परत केली. पट्टी माझी नव्हती, दुसऱ्याच बनावटीची. कुणाच्या यंत्रातून निघाली असेल, या विचाराने ती घेताना हात अडखळला. त्यालाही विचारलं. उत्तर मिळालं नाही.

आता यंत्र बाहेर द्यायची वेळ आली तर मी डिस्क काढून घरी ठेवते. दुकानदार डिस्क मागत असेल, तर आधी प्रत काढून घेते. डब्याच्या आतला फोटो काढते, रॅम किती आणि बोर्डाचा सिरियल नंबर काय ते कागदावर लिहून त्यावर दुकानाची सही घेते. बदललेला भाग परत हवा, हे आधीच सांगते. यातल्या एकाही गोष्टीला जो दुकानदार तोंड वाकडं करतो, त्याच्याकडे मी यंत्र सोडत नाही. चांगले कारागीर तोंड वाकडं करत नाहीत. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक आहे, तो स्वतःहून जुना भाग पिशवीत घालून देतो.

स्मरणिका तीन आठवडे उशिरा छापून आली. प्रूफांवरून जवळजवळ सगळं पुन्हा उभं राहिलं, फक्त शेवटच्या दुरुस्त्या कागदावर नव्हत्या. शाळेच्या एका वयोवृद्ध गुरुजींनी त्या फोनवरून सांगितल्या होत्या आणि मी थेट फाइलमध्ये घातल्या होत्या. त्यांना पुन्हा फोन केला. ते न रागावता तासभर बोलले. पण शाळेच्या पहिल्या वर्गाची, पावसात गळणाऱ्या धर्मशाळेची जी आठवण त्यांनी पहिल्यांदा सांगितली होती, तिच्यातली मुलांची नावं त्यांना आठवेनात. मलाही आठवली नाहीत. त्या पानावर आता फक्त ‘काही विद्यार्थी’ असं छापलंय.