जुन्या गाडीची ऑईल गळती: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी गाडी म्हणजे 2004 सालची, शंभर सीसीची मोटरसायकल. मालगुंडहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला आठवड्यातून तीन फेऱ्या होतात. गेल्या वर्षी गणपतीनंतर तिने ऑईल सोडायला सुरुवात केली. पडवीच्या कोब्यावर रोज सकाळी रुपयाएवढा डाग. त्याची फार काळजी नव्हती. पण एके दिवशी मागच्या टायरच्या डाव्या कडेला तेलाची चकाकी दिसली आणि पोटात गोळा आला. आरे-वारेच्या वळणांवर माझ्या मागे आई बसलेली असते.

पहिल्या मेकॅनिकने न धुताच मॅग्नेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डाव्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय असं सांगून नवीन पॅकिंग आणि वर शेलॅक (फटी बुजवणारा चिकट लेप) लावलं. डाग तसाच. दुसरा म्हणाला, "भाऊ, एवढी जुनी गाडी, थोडं गळायचंच." हे मला अजिबात पटलं नाही. तेल कुठून तरी एकाच जागेतून सुरू होतं, ती जागा सापडलीच पाहिजे.

मग रविवारी स्वतःच बसलो. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ तेलावर बसून असा थर होतो की खालचं ॲल्युमिनियमही दिसत नाही. आधी लाकडी पट्टीने खरवडलं, मग डिझेल आणि जुना ब्रश, मग साबणाचं पाणी, आणि उन्हात पूर्ण कोरडं. त्यावर अंगाला लावायची साधी पावडर फडक्याने थापली. इंजिन पांढरंफेक. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवलं तर काहीच नाही! शेवटी आरे-वारेचा चढ चढून आलो आणि वाकून पाहिलं. पावडर सगळीकडे जशीच्या तशी, फक्त पुढच्या स्पॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राच्या) मागून एक करडी ओली रेघ निघून मागे सरकत गेलेली. वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरतं. म्हणून जिथून ठिबकतं तिथे न बघता सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा.

स्पॉकेटमागचं ऑईल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) काढलं तर त्याची रबरी कड हाताला टणक लागली. शाफ्टवर नख फिरवलं, खाच नव्हती. ते बघाच, कारण खाच असेल तर नवीन सीलही टिकत नाही. स्प्रिंगची बाजू आत ठेवून, कडेला ऑईल लावून नवीन सील बसवलं. दोन आठवडे कोरडं. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तीच रेघ.

तेव्हा डोक्यात आलं, की जागेवर गळत नाही आणि चढावर गळतं, म्हणजे आत दाब साठतोय. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस कायम खाली इंजिनात उतरतो, आणि तो बाहेर जायला ब्रीदर पाईप असतो. माझ्या गाडीत त्याचं तोंड खाली मोकळं सुटतं. पाईप काढून फुंकला, हवा जाईना. तारेने टोकरलं तर सुकी माती पडली आणि तिच्यात चार-पाच वाळलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर, ती मातीच्या घरात कोळी भरून ठेवते! भातलावणीपासून गणपतीपर्यंत गाडी पडवीत उभी होती, तेवढ्यात तिने आपलं काम केलं होतं. वाट बंद झाली, मग दाबाने सगळ्यात कमजोर जागा धरली.

पाईप धुऊन बसवला, सील पुन्हा नवीन टाकलं. त्याला आता आठ महिने, साडेपाच हजार किलोमीटर झाले. कोबा कोरडा, टायर कोरडा. आधी दर पंधरवड्याला ऑईल टाकावं लागायचं, आता एका ऑईल बदलीपासून दुसऱ्यापर्यंत ऑईल मोजायच्या पट्टीवरची रेघ जेमतेम हलते. (पट्टी बघताना गाडी मेन स्टँडवर आणि सपाट जागी हवी. उतरत्या खळ्यात मी महिनाभर चुकीचं माप वाचत होतो.)

गिअरच्या दांड्याजवळ अजून थोडा पाझर आहे. ठिबकत नाही, पण धूळ चिकटते. तिथे महिन्यातून एकदा पावडर लावून बघतो, वाढला की तेही सील बदलणार.

पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधलाय. हवा जाते, माशी शिरत नाही. लावणी तोंडावर आली आहे, गाडी परत पडवीत उभी राहील. काल तो दोरा बदलून टाकला.