जुनी मस्टँग जीटी, मुंबईचा एक पावसाळा

अण्णांनी तीस वर्षं प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी चालवली. मी त्याच काळ्या-पिवळ्या गाडीवर शिकले, लालबागला, तेही भर जुलैत. कोरड्यात काय, कोणीपण चालवतं, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे एप्रिलमध्ये २०१७ची सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली तेव्हा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मला फारसं दडपण नव्हतं. पद्मिनीचीही मागचीच चाकं इंजिन फिरवायचं. फक्त तिला चाळीसेक अश्वशक्ती होती आणि हिला ३९५ आहे. "म्हणजे दहा टॅक्स्या एका बॉनेटखाली," अण्णा म्हणाले, आणि सीटबेल्ट न सांगता लावला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गाडीची ओळख थोडक्यात. फोर्डने ही भारतात २०१६ साली आणली, दिल्ली शोरूमला ६५ लाखांना. उजव्या हाताचं स्टिअरिंग कारखान्यातूनच आलेली ही पहिली मस्टँग पिढी. पाच लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर), सहा गिअरची ऑटोमॅटिक. आवाज असा की आमच्या चाळीतली मुलं तिसऱ्या मजल्यावरून 'आली, आली' ओरडतात. मागची सीट पर्स ठेवायला ठीक. शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर मिळतात; अण्णांना मी आठ सांगितलंय.

आता पाऊस. जूनची पहिलीच मोठी सर, वरळी नाका, उजवं वळण. पहिल्या पावसात रस्त्यावरचं साचलेलं ऑइल आणि टायरची भुकटी वर येते, हे मला ठाऊक होतं. तरी सिग्नल सुटला तसा पाय जरा जास्तच दाबला गेला. वळणाच्या मध्यात गिअरबॉक्सने एक गिअर खाली टाकला, मागची चाकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या रंगावर आली, आणि गाडीचं बूड सरळ डावीकडे निघालं. डॅशवर घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. मी पाय झटकन काढणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अगं, उचलू नको, नुसता हलका कर!" पाय हलका केला, स्टिअरिंग डावीकडे दिलं, गाडी सरळ झाली. अण्णांनी मांडीवरचा चहाचा थर्मास पायाशी ठेवला आणि हाजी अलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

चूक माझ्या पायाची. पण सगळीच नाही. दुसऱ्या दिवशी लोअर परळच्या टायरवाल्याकडे गेले. त्याने टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का दाखवला: ३८१६. म्हणजे २०१६चा अडतिसावा आठवडा. गाडी विकणाऱ्याने 'टायर ऐंशी टक्के आहेत, मॅडम' म्हटलं होतं, आणि नक्षीची खोली बघितली तर ते खरंही होतं. पण रबर नखाने दाबून बघितलं तर पाटीसारखं कडक. अशा रबराला ओल्यात पकड कुठून येणार? मागच्या चाकांना गाडी ढकलायचीही असते आणि वळणात धरूनही ठेवायची असते. दोन्हीला पकड एकाच खात्यातून जाते, आणि ५१५चा टॉर्क ते खातं क्षणात रिकामं करतो. चारही टायर बदलले, १९ इंची, लाखभराच्या वर गेले. दोनच बदलायचे असते तरी नवी जोडी मागेच टाकली असती, पुढे नाही.

त्यानंतरची मस्टँग म्हणजे दुसरीच गाडी. मधल्या पट्टीवर विमानातल्यासारखी खटक्याची बटणं आहेत, त्यातलं एक मोड बदलतं. 'स्नो/वेट' लावलं की अॅक्सिलरेटर आळसावतो; तेवढ्याच दाबाला पूर्वीपेक्षा कमी जोर येतो. अण्णांनी पडद्यावर वाचलं आणि विचारलं, "स्नो म्हणजे तो तोंडाला लावायचा ना, अफगाण स्नो?" तेव्हापासून आमच्या घरात या मोडचं नाव अफगाणच. जून ते सप्टेंबर मी अफगाणमधून बाहेर आले नाही. कोणी म्हणेल, मग एवढी ताकद घेतली कशाला? आवाजासाठी. दोन हजार आरपीएमलाही ती छान गुरगुरते.

सी लिंकवर पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असल्या की मागून हलकी शेपूट हलल्यासारखं वाटतं. तिथे पाय जसा आहे तसाच ठेवायचा, दाबायचाही नाही, काढायचाही नाही. कोस्टल रोडचा बोगदा वेगळीच गंमत. दोन किलोमीटर कोरडं, काच खाली, व्ही-८ भिंतींवरून परत कानात. साठची मर्यादा आहे, ती पाळूनही मजा येते. पण गिरगावच्या बाजूला बाहेर पडताना एकदम पाणी लागतं, आणि रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगतात. बोगदा संपायच्या आधीच वेग उतरवते.

साचलेल्या पाण्यात ही गाडी न्यायचीच नाही. पोट जमिनीपासून जेमतेम १३७ मिलिमीटर. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, अण्णा टॅक्सी सायनला सोडून चालत घरी आले होते. अजूनही साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार एकत्र आले की हिंदमाता, मिलन सबवे ही पाणी तुंबणारी नावं ते आधी मोजतात, मग मला निघू देतात. तसल्या दिवशी मी लोकलने जाते.

परवा सप्टेंबरच्या रिमझिमीत त्यांनी पहिल्यांदा किल्ली मागितली. लालबाग ते वरळी सी फेस, परत. तिसाच्या वर गेले नाहीत, मागून लोक हॉर्न मारत होते. डॅशवरचं ते चिन्ह एकदाही लुकलुकलं नाही.