९ वॅटचे स्वस्त एलईडी बल्ब: उजेडात पास, फ्लिकरमध्ये नापास

ठेल्यावर ५०-६० रुपयांना मिळणारा ९ वॅटचा पिनवाला बल्ब आणि दुकानातला त्याच्या दुप्पट किमतीचा बल्ब शेजारी शेजारी लावा. उजेडात फारसा फरक जाणवणार नाही. खोक्यावरही वॅट, लुमेन, केल्विन, तारे, गॅरंटी असं सगळं छापलेलं असतं. उजेड सेकंदाला १०० वेळा किती खाली-वर होतो, हे मात्र कुठेच नसतं. इथे तपासलंय ते तेवढंच.

१०० वेळा का, तर आपली वीज ५० हर्ट्झची आणि प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शून्यावर येतं. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्या वेळात थंड होत नसे, त्यामुळे त्याचा उजेड १० टक्क्यांच्या आसपासच हलायचा. एलईडीत करंट थांबला की उजेडही जवळजवळ त्याच क्षणी थांबतो. म्हणजे सगळी मदार आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर.

सगळ्यात स्वस्त बल्बमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतोच. एलईडीच्याच ॲल्युमिनियम पट्टीवर ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि करंट आवरणारी एक-दोन आयसी बसवलेली असते. दुरुस्तीवाले याला डीओबी, म्हणजे 'ड्रायव्हर ऑन बोर्ड', म्हणतात. एलईडींची माळ साधारण २५० व्होल्टची धरा. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्ट. लाट २५० च्या वर असेल तेवढाच वेळ माळ पेटते. हिशोब केला तर १० मिलिसेकंदांपैकी साधारण साडेचार मिलिसेकंद उजेड आणि उरलेला वेळ पूर्ण अंधार. यालाच १०० टक्के फ्लिकर म्हणायचं. डोळा सरासरी काढतो, म्हणून बल्ब 'नीट' दिसतो.

संध्याकाळी लोड वाढला आणि व्होल्टेज २०० वर उतरलं की पेटण्याचा वेळ तीन मिलिसेकंदांवर येतो. उजेड जवळपास एक तृतीयांश कमी होतो. गावाकडे 'बल्ब महिन्यातच मंद झाला' अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा बल्ब तोच असतो, लाइन खाली गेलेली असते.

त्याच्या वरच्या दर्जात याच पट्टीवर एक ४.७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कंडेन्सर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, जोडतात. ३० मिलिअँपियर करंटला दोन शिखरांच्या मध्ये तो सुमारे ५० व्होल्टने उतरतो, म्हणजे ३२५ वरून २७५ वर. माळेला २५० लागतात, तेव्हा २३० व्होल्टवर काम भागतं. २०० व्होल्टवर शिखरच २८३ असतं, तिथून ५० गेले की माळ विझते आणि फ्लिकर परत हजर. दुसरी गोम वयाची. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सर उष्णतेने सुकतो, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळ मानाने निम्मं होतं. बंद काचेच्या गोळ्यात किंवा पीओपीच्या खड्ड्यात बसवलेला बल्ब म्हणूनच आधी फडफडतो. नवा असताना पास झालेला बल्ब पुढे नापास होतो तो असा.

इंटरनेटवर 'जास्त मोठा कंडेन्सर लावा, फ्लिकर घालवा' असा जुगाड सर्रास दाखवतात. बिनकंडेन्सरच्या पट्टीवर तो करू नका. साडेचार मिलिसेकंद चालणारी माळ पूर्ण वेळ चालायला लागते, वॅट दुपटीच्या वर जातात आणि पट्टी त्या उष्णतेसाठी बनवलेली नसते. करंट ठरवणारा रेझिस्टर न बदलता केलेली ही दुरुस्ती आयसी किंवा एलईडी जाळूनच थांबते. शिवाय पट्टीवरच्या सर्किटचा थेट मेन्सशी, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या लाइनशी, संबंध असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहू शकतो.

परीक्षणात पास होतो तो तिसरा प्रकार: ड्रायव्हरची वेगळी पीसीबी (सर्किटची पाटी), तिच्यावर कॉइल, आत येताना एक आणि एलईडीकडे जाताना दुसरा कंडेन्सर. बक पद्धतीचा (व्होल्टेज उतरवून देणारा) हा ड्रायव्हर व्होल्टेज १८० वर आलं तरी करंट धरून ठेवतो आणि नीट बनवला असेल तर फ्लिकर दोन-चार टक्क्यांच्या आत राहतो. इथेही एक मेख आहे. मोठ्या वॅटच्या पॅनेल आणि फ्लडलाइटमध्ये पॉवर फॅक्टर (लाइनमधून घेतलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामी येतो तो आकडा) ०.९ च्या वर नेण्यासाठी एकाच टप्प्याचा स्वस्त ड्रायव्हर वापरतात. तो मेन्सची १०० हर्ट्झची लाट तशीच पुढे ढकलतो. पॉवर फॅक्टर उत्तम आणि फ्लिकर वाईट, असं एकाच मालात सापडतं.

किती फ्लिकर चालतो? आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ च्या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी आणि ३.३ टक्क्यांच्या आत असेल तर परिणाम नाही. युरोपीय संघात स्ट्रोबची, म्हणजे हलत्या वस्तू तुटक दिसण्याची, मर्यादा आता कायद्यातच आहे. ती मोजणारा एसव्हीएम हा आकडा सप्टेंबर २०२४ पासून ०.४ च्या वर जाता कामा नये. कंपनीच्या डेटाशीटवर हा आकडा दिला असेल तर तो बल्ब आधी उचला.

डोळ्याला १०० हर्ट्झ 'दिसत' नाही, मग त्रास कसला, हा प्रश्न रास्त आहे. १९८९ मध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ऑफिसातल्या ट्यूबलाइटवर प्रयोग केला. साध्या चोकऐवजी सुमारे ३२ किलोहर्ट्झचा इलेक्ट्रॉनिक चोक लावला, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला. सगळ्यांना सारखा त्रास होत नाही, अर्धशिशीवाल्यांना लवकर कळतो. फिट येण्याचा धोका वेगळा. तो मुख्यतः सेकंदाला ३ ते ६० वेळा होणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या लुकलुकीचा. त्यामुळे उघड फडफडणारा, मरायला टेकलेला बल्ब 'चालतोय तोवर चालू दे' म्हणून ठेवू नये.

वर्कशॉपमध्ये हिशोब आणखी कडक. १४४० आरपीएमच्या मोटरवर थेट बसवलेला चार पात्यांचा पंखा १०० टक्के फ्लिकरच्या उजेडात संथपणे उलटा फिरताना दिसतो, आणि १५०० आरपीएमवर चक्क थांबलेला. तिथे कुणी हात घातला तर बोटं जातील. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर ताशी ७२ किलोमीटरचा चेंडू दोन लखलखाटांमध्ये २० सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणून झेल घेणाऱ्याला ठिपक्यांची माळ दिसते. पोलवरचे फ्लडलाइट तीन फेजवर वाटून, एकाच जागेवर तिन्हींचा उजेड पडेल असे लावले तर हे बरंच कमी होतं.

दुकानात तपासणी मोबाइलवर होते, पण साधा कॅमेरा फसवतो. ५० हर्ट्झच्या देशात तो शटर १/१०० किंवा १/५० ठेवून पट्टे स्वतःच लपवतो. प्रो मोडमध्ये शटर १/२००० करा किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. दोन्ही नसेल तर कॅमेरा बल्बच्या चार-पाच इंचांवर न्या, शटर आपोआप वेगवान होतं. काळेकुट्ट पट्टे सरकताना दिसले तर बल्ब परत द्या, पुसट छटा दिसली तर चालेल. दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड मध्ये येऊ देऊ नका. रिमोटचा किंवा स्मार्ट बल्ब पूर्ण उजेडात तपासून उपयोग नाही, २०-३० टक्क्यांवर आणून पाहा, खरा खेळ तिथे उघडा पडतो. मोबाइल नसेल तर पेन्सिल जोरात हलवा. पंख्यासारखा सलग पट्टा दिसायच्या ऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर फ्लिकर मोठा.

सगळा दोष बल्बचाच असतो असंही नाही. बटण बंद केल्यावर बल्ब अधूनमधून लुकलुकत असेल तर इंडिकेटरवालं बटण किंवा न्यूट्रलवर लावलेलं बटण तपासून घ्या, वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या डिमरवर 'डिमेबल' न लिहिलेला बल्ब लावला तर फडफडणारच. घरातले सगळेच दिवे एकदम कमी-जास्त होत असतील तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता आहे, आणि ते ताबडतोब बघायचं काम आहे.

मुलांचं अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकाचा ओटा, शिलाई मशीन, ऑफिस इथे तिसरा प्रकारच घ्या, दुप्पट पैसे गेले तरी. जिना, गॅलरी, संडास इथे कंडेन्सरवाला डीओबी पुरतो. बिनकंडेन्सरचा कुठेच घेऊ नये. आणि एकाच कंपनीचं, एकाच छापाचं खोकं असलं तरी आतली पट्टी लॉटनुसार बदलते, म्हणून डझनभर घेताना प्रत्येक नग होल्डरला लावून बघा आणि बिल ठेवा. फ्लिकर गॅरंटीत बसतो असं खोक्यावर लिहिलेलं नसतं, पण स्लो मोशनचा व्हिडिओ दाखवला की बहुतेक दुकानदार वाद घालत नाहीत.